अलादीनच्या गोष्टीतला अहमद

डिस्नेच्या १९९२च्या ‘अलादीन’मध्ये रस्त्यातल्या पोरांवर चाबूक उगारणारा शहजादा आठवतो? त्याचं नाव अहमद. जर्मन कलावती लोटे रायनिगर यांच्या १९२६च्या, कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांच्या चित्रपटाचा नायकही शहजादा अहमदच. त्यात अलादीनही आहे. आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. पाहिलेल्याला खूण पटते. पण नायकाचा उर्मट पाहुणा केला, हे खटकतं.

उदगीरच्या घरात रात्री अलादीन सांगणाऱ्या दादीनं अहमदला पुन्हा भला करावा, त्याच्या उडत्या घोड्यावर बसवावा. बाजारात एखादा हन्नाही भेटवावा. हलबच्या हन्ना दियाबनं १७०९ साली पॅरिसमध्ये ही गोष्ट आंत्वान गालां यांना सांगितली. छापील ग्रंथात त्याचं नावच आलं नाही.