सिम नको, सेल दहा वर्षं? लोरा ट्रॅकरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यातल्या स्वारगेटला सांभाळायच्या वस्तू किती, याची नुसती यादी केली तरी पान भरेल. एसटीचं स्थानक आणि आगार, शंकरशेठ रस्त्यावर पीएमपीएमएलचं मुख्यालय, २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रोचं स्थानक आणि जवळच गुलटेकडीचं मार्केट यार्ड. बस, स्टेपन्या, जनरेटर, पाण्याचे टँकर, हातगाड्या, टोमॅटोचे कॅरेट. यातलं काहीही हरवलं किंवा जागेवर सापडलं नाही की सल्ला ठरलेला असतो: ‘ट्रॅकर लावून टाका.’ विक्रेता लोराचं नाव घेतो आणि तीन वाक्यं ऐकवतो. रेंज पंधरा किलोमीटर, सिम लागत नाही, सेल दहा वर्षं टिकतो.

तिन्ही वाक्यं खोटी नाहीत. प्रत्येकाला एक अट चिकटलेली आहे आणि ती सांगितली जात नाही. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आधी थोडी ओळख. लोरा ही रेडिओसंदेश पाठवण्याची पद्धत आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सायक्लिओ कंपनीत ती विकसित झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. वस्तूंना लावलेल्या हजारो टॅगनी एकाच जाळ्यात कसं बोलायचं, याचे नियम म्हणजे लोरावॅन. ते सांभाळणारी लोरा अलायन्स २०१५ मध्ये स्थापन झाली आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लोरावॅनला मानक म्हणून मान्यता दिली. लोरा पद्धतीत संदेशाची वारंवारिता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. त्यामुळे सर्वांत संथ गतीवर, आसपासच्या रेडिओ गोंगाटापेक्षा शंभर पटीने क्षीण असलेला संदेशही गेटवेला, म्हणजे टॅगचे निरोप ऐकणाऱ्या केंद्राला, ओळखता येतो. लांब पल्ल्याचं रहस्य एवढंच. या पल्ल्याची किंमत मात्र वेगात मोजावी लागते.

गैरसमज १: लोरा म्हणजे एक प्रकारचं जीपीएस.

वस्तुस्थिती: लोरा फक्त निरोप पोचवतो. वस्तू कुठे आहे हे आधी दुसऱ्या कोणी तरी शोधावं लागतं. टॅगमध्ये जीपीएस किंवा आपल्या नाविक उपग्रहप्रणालीचा रिसीव्हर असेल तर तो जागा ठरवतो आणि लोरा ती जागा गेटवेला कळवतो. रिसीव्हर नसेल तर एकच संदेश तीन किंवा अधिक गेटवेंना किती सूक्ष्म फरकाने मिळाला, यावरून अंदाज बांधता येतो. पण त्यात साधारण २० ते २०० मीटरची चूक धरावी लागते. स्वारगेटला २०० मीटर म्हणजे वस्तू एसटीच्या फलाटावर आहे, जेधे चौकातल्या उड्डाणपुलाखाली आहे की रस्त्यापलीकडे, हे सांगता येणार नाही. ‘आगारात आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल तर मात्र हे पुरतं. भुयारी स्थानकात उपग्रहांचा संकेतच पोचत नाही. तिथे जीपीएस असलेला टॅगही शेवटची माहीत असलेली जागाच सांगत राहतो.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फास्टॅग. तोही इथल्या लोरासारखाच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. पण त्यात सेल नसतो. टोलनाक्यावरचा रीडर त्याला ऊर्जा देतो आणि काही मीटरवरून तो वाचला जातो. साताऱ्याकडे जाणारी गाडी खेड शिवापूरचा नाका कधी ओलांडून गेली हे फास्टॅगच्या नोंदीत दिसेल, पण नाक्यापुढे ती कुठे थांबली हे त्याला कळणार नाही.

गैरसमज २: रेंज पंधरा किलोमीटर, म्हणजे एका गेटवेत पुणे झाकलं.

वस्तुस्थिती: पल्ला ठरतो तो समोर काय आडवं येतं यावर. २०१७ मध्ये युरोपात एका फुग्याला बांधलेल्या यंत्राचा संदेश ७०२ किलोमीटरवर ऐकू आला. त्याची ताकद होती केवळ २५ मिलिवॉट. पण तो फुगा ३८ किलोमीटरहून अधिक उंचीवर होता आणि मध्ये इमारत नव्हती की डोंगर नव्हता.

पुणे टेकड्यांनी वेढलेलं आहे. पर्वतीसारख्या उंच जागेवरच्या अँटेनाला स्वारगेट, गुलटेकडी आणि पेठांचा मोठा भाग समोर दिसतो. तळजईच्या उतारामागे, कात्रजच्या घाटापलीकडे किंवा सिमेंटच्या तळघरात पोचताना तोच संदेश गळपटतो. दाट वस्तीत दोन-तीन किलोमीटरचा पल्ला गृहीत धरणं शहाणपणाचं. शिवाय बसचा पत्रा हीसुद्धा भिंतच. टॅग छतावर बसवला तर जो गेटवे ऐकतो, तोच चेसिसखाली बसवलेल्या टॅगच्या बाबतीत बहिरा ठरू शकतो. म्हणून नकाशावर वर्तुळं काढून गेटवेंची संख्या ठरवू नये. टॅग हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर फिरून ती ठरवावी.

गैरसमज ३: मग प्रत्येक बसला हाच स्वस्त ट्रॅकर लावावा.

वस्तुस्थिती: धावत्या बससाठी लोरा हे चुकीचं साधन आहे, आणि हे साध्या गणितात दिसतं.

सर्वांत संथ गतीवर २० बाइटचा संदेश हवेत जायला सुमारे १.८ सेकंद लागतात. सर्वांत जलद गतीवर तोच संदेश सुमारे ७२ मिलिसेकंदांत जातो, पण मग पल्ला आखडतो. समजा ३०० बस दर १० सेकंदांनी आपली जागा लांब पल्ल्याच्या गतीवर कळवू लागल्या. दर सेकंदाला ३० संदेश, म्हणजे प्रत्येक सेकंदात ५४ सेकंदांचं बोलणं. साधारण गेटवे आठच चॅनेल ऐकतो, म्हणजे एवढं बोलणं त्यात मावतच नाही. त्यातही टॅग एकमेकांची वाट न पाहता बोलतात, त्यामुळे संदेश एकमेकांवर आदळून वाया जातात. जलद गती वापरूनही इतक्या दाटीत बरेच निरोप हरवतील.

लोरावॅन वाहकाच्या घंटीसारखं आहे. एक टोला थांबा, दोन टोले चला. दोरी ओढून प्रवाशांची यादी सांगता येत नाही. संथ गतीवर एका संदेशात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात. त्यात फोटो, आवाज किंवा व्हिडिओ पाठवणं अशक्य आहे.

बससाठी वेगळी व्यवस्था आहेच. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षांसारखे अपवाद सोडून, वाहनाची जागा कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं. त्यासाठीचं एआयएस-१४० हे मानक पुण्याच्याच एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलं. हे यंत्र सिमवर, मोबाइल जाळ्यातून बोलतं आणि वीज बसच्या बॅटरीतून घेतं. बसमध्ये वीज भरपूर असते, त्यामुळे ती वाचवण्यासाठी वेग सोडायचं कारणच नाही.

गैरसमज ४: सेल दहा वर्षं चालतो.

वस्तुस्थिती: सेलचं आयुष्य तुम्ही किती वेळा विचारता यावर ठरतं. एक ढोबळ हिशेब पाहू. जाड पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम सेल २,४०० मिलिअँपिअर-तास इतकी ऊर्जा धरतो. जीपीएसला जागा शोधायला ३० सेकंद आणि ३० मिलिअँपिअर लागले, आणि निरोप पाठवायला १.८ सेकंद आणि ४० मिलिअँपिअर, असं धरू. एका फेरीचा खर्च सुमारे ०.२७ मिलिअँपिअर-तास. यातला रेडिओचा वाटा फक्त ०.०२, बाकी सगळं जीपीएस खातं.

दर पाच मिनिटांनी जागा विचारली तर सेल महिन्याभरात संपतो. दर तासाला विचारली तर साधारण वर्षभर चालतो. दिवसातून दोनदाच विचारली तर कागदावर बारा वर्षं निघतात. टॅग झोपलेला असतानाचा खर्च आणि सेलची स्वतःची गळती धरली की हा आकडा बराच खाली येतो. टॅग तोच, सेल तोच. म्हणून ‘किती वर्षं?’ असं विचारून थांबू नये. ‘दिवसातून किती निरोप धरून?’ हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. वस्तू हलली तरच जागा होणारा टॅग या हिशेबात सर्वांत फायद्याचा ठरतो. मार्केट यार्डातल्या कॅरेटना तोच शोभेल, कारण एका गाळ्यात ते दिवसभर पडून असतात आणि त्या वेळी सेल खर्च करण्यात काहीच राम नाही.

गैरसमज ५: परवाना लागत नाही, म्हणजे कसलाच नियम नाही.

वस्तुस्थिती: भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. मुक्त याचा अर्थ मोकाट नव्हे. २००५ च्या नियमांतच ट्रान्समीटरची ताकद १ वॉट आणि एका वाहकलहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा होत्या. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. परवानामुक्त पट्ट्यात इतरांना पैसे घेऊन यंत्रजोडणीची सेवा देणाऱ्यांनी नोंदणी करावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं विभागाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढली. युरोप किंवा अमेरिकेसाठी बनवलेला टॅग ऑनलाइन मागवला तर तो भलत्याच वारंवारितेवर बोलेल. तो बेकायदा तर ठरेलच, शिवाय इथल्या गेटवेला ऐकूही येणार नाही. पट्टा सगळ्यांचा असल्याने उद्या शेजारच्या इमारतीने आणखी हजार टॅग लावले तर तक्रार कोणाकडे करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

गैरसमज ६: ट्रॅकर लावला की सुरक्षा झाली.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे आणि स्वारगेटला त्याचा विचार वरवर करून चालणार नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी एका चालकाने इथल्या आगारातून बस पळवून शहरात बेफाम चालवली. नऊ जणांचे जीव गेले. ट्रॅकर बसची जागा सांगतो, बस थांबवत नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे याच स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. ती बस हरवलेली नव्हती. कोणत्याही ट्रॅकरच्या पडद्यावर ती आपल्या योग्य जागीच दिसली असती.

खरी पोकळी होती ती उभ्या गाड्यांकडे बघणाऱ्या डोळ्यांची. लोराचा उपयोग होऊ शकतो तो इथे. आगारात पडून असलेल्या गाडीची बॅटरी काढली की तिच्यातलं सिमवालं यंत्र काही तासांत मुकं होतं. एआयएस-१४० मध्ये राखीव सेलची किमान अपेक्षा चार तासांची आहे. स्वतःच्या सेलवर चालणारा, दार उघडलं की एक निरोप पाठवणारा लोरा टॅग अशा गाडीवर महिनोन्‌महिने जागा राहू शकतो. रात्री अडीच वाजता बंद गाडीचं दार उघडलं, हे सांगायला दोन बाइट पुरेत.

पण त्याच्याही मर्यादा आहेत. निरोप पोचेलच याची हमी नसते, म्हणून लोराच्या बटणावर कोणाचा जीव टांगू नये. सेलवर चालणारा साधा टॅग स्वतः बोलल्यानंतर क्षणभरच ऐकतो, त्यामुळे ‘आत्ता सांग कुठे आहेस’ असं त्याला मनात येईल तेव्हा विचारता येत नाही. निरोप १२८ बिटच्या किल्लीने कुलूपबंद असतात आणि वाटेत वाचणं सोपं नाही, पण शेकडो टॅगना एकच किल्ली घालून ठेवण्याचा आळस केला तर ते कुलूप कुचकामी ठरतं. चोराला निरोप वाचायची गरजही नसते. टॅग काढून फेकला किंवा धातूच्या पेटीत टाकला की तो गप्प होतो. म्हणून प्रत्येक टॅगने ठरावीक वेळाने ‘मी आहे’ म्हणावं आणि तसं न म्हणणं हाच धोक्याचा इशारा मानावा.

खरेदीची सही करण्यापूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. दिवसातून किती निरोप? आमच्या आवारात, पत्र्याच्या आड, चाचणी करून दाखवाल का? वायरलेस शाखेची मान्यता दाखवा. आणि रात्री अडीचचा निरोप आला तर तो कोणाच्या हातात पडेल, त्याने काय करायचं? धावत्या बसला सिमवालं यंत्र आणि उभ्या मालमत्तेला लोरा, हा निवाडा सोपा आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र विक्रेत्याकडे नसतं. ते आगाराने स्वतः रात्रपाळीच्या हजेरीपटावर लिहून ठेवायचं असतं, आणि ते लिहिलेलं नसेल तर एकही टॅग विकत घेऊ नये.