चहा कपाबाहेर का सांडतो?

आमच्या थोरल्या वहिनींच्या हातून कधी चहा सांडत नसे. पहाटे तीनला कोपीपुढे चूल पेटवून त्या साऱ्या टोळीला चहा द्यायच्या आणि मगच फडात उतरायच्या. तीन हंगामांपूर्वी मात्र त्यांनी ओतलेला चहा कपाच्या कडेवरून खाली जाऊ लागला. सासूबाई रागावल्या, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष कपावरच होते. अंतर चुकत होते.

केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावहून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे निघतात. त्या साली कोल्हापूरकडच्या फडात मोळी बांधताना उसाचे पाते वहिनींच्या उजव्या डोळ्यात गेले. त्यांनी पदराने डोळा पुसला आणि कोयता चालूच ठेवला. उचल फिटायची होती. खाडा परवडणारा नव्हता. दोन-तीन दिवसांनी डोळा लाल झाला, उजेड सोसवेना. दुकानातून थेंब आणून घातले. दवाखाना गाठला तेव्हा बुबुळावर पांढरे फूल पडले होते.

असे का होते, हे आम्ही नंतर डॉक्टरांकडून समजून घेतले. उसाच्या पात्याने बुबुळाला ओरखडा पडतो आणि पात्यावरची बुरशी आत शिरते. ती हळूहळू वाढते, म्हणून पहिले काही दिवस माणूस गाफील राहतो. त्यात स्टेरॉइडचे थेंब पडले तर लाली उतरल्यासारखी वाटते, पण बुरशीला मोकळे रान मिळते.

पण डोळा गेला म्हणजे फक्त अर्धे दिसणे गेले, असे नाही. आपले दोन डोळे दोन-अडीच इंच अंतरावर असतात. दोघांना वस्तू किंचित वेगवेगळी दिसते. या दोन चित्रांच्या फरकावरून मेंदू ओळखतो की वस्तू किती लांब आहे. एक चित्र बंद झाले की कप, पायरी, सुईचे नेढे, ट्रकला लावलेली फळी, साऱ्यांचा अंदाज चुकतो. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणाऱ्या बाईला हा चुकलेला अंदाज जिवावर बेतू शकतो. वहिनी दोनदा फळीवरून घसरल्या. "आता आंधळीचा कोयता कोण घेणार?" असे टोळीतले कोणी बोलले, ते त्यांना पडण्यापेक्षा जास्त लागले.

क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांची गोष्ट आम्ही वहिनींना सांगितली. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. जगातून पाणी ओतताना ते पेल्याऐवजी टेबलावर सांडायचे. तरी त्याच डिसेंबरात ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, कर्णधार झाले. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या घरी उचल नव्हती." खरे आहे. पण मेंदू नव्याने शिकतो, हे त्यांच्याबाबतीत खरे ठरले तसे वहिनींच्या बाबतीतही ठरले. त्याला काही महिने लागले.

आमच्या घरात जे उपयोगी पडले ते असे. ओतताना भांड्याची कड कपाच्या कडेला टेकवावी. पायरी उतरताना आधी पावलाने कड चाचपावी. मान थोडी डावी-उजवीकडे हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी; त्यावरून अंतर कळते. रस्ता ओलांडताना गेलेल्या डोळ्याच्या बाजूला पूर्ण मान वळवावी. घरच्यांनी त्या बाजूने अचानक जाऊ नये, आधी हाक द्यावी. आम्ही समाजमंदिराच्या पायऱ्यांच्या कडेला चुन्याचे पट्टे ओढले. त्याचा उपयोग म्हाताऱ्यांनाही झाला.

सरकारी हिशेब मात्र कळून घ्यावा. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याच्या अंधत्वाला ३० टक्के अपंगत्व धरतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. कामगार भरपाईचा कायदाही एका डोळ्याची नजर गेल्यास कमाईची ताकद ३० टक्के घटली असे मानतो. पण ऊसतोडीत मालक कोण, मुकादम की कारखाना, या वादातच हंगाम संपतो. म्हणून इजा झाली त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर जपून ठेवावा. पुढे तोच पुरावा.

बंधू-भगिनींनो, यंदा फडावर जाताना कोयत्याबरोबर साधा प्लॅस्टिकचा चष्मा घ्या. डोळ्यात पाते गेले तर स्वच्छ पाण्याने धुवा. चोळू नका, एरंडेल, दूध, दुकानातले थेंब घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गावी असाल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. एक खाडा पडला तर पुढच्या आठवड्यात भरून निघतो.

वहिनी आता फळी चढत नाहीत. खाली वाढे बांधतात. पहाटेचा चहा मात्र त्याच ओततात, कपाला कड टेकवून.