थंडी आणि घरची मिरची

मिरचीवाचून ज्यांचे भागते अशी घरे सुरतेच्या मराठी वस्तीत शोधूनही सापडणे कठीण. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील कित्येक कुटुंबे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून उद्योगधंद्यानिमित्त येथे आली. उधन्याहून जळगावास जाणारा रेल्वेमार्ग नंदुरबारवरूनच जातो, आणि नंदुरबार ही तर मिरचीची नामांकित बाजारपेठ. हंगामात तेथील पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली म्हणजे जमीन लालभडक दिसू लागते. अशा मुलखातून आलेल्या कुटुंबाने गॅलरीतल्या डब्यात मिरचीचे एक रोप लावावे, यात नवल ते काय?

परंतु मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे भरिताच्या ऐन दिवसांत, हे रोप रुसून बसते. फुले गळतात, पाने पिवळी पडून माना टाकतात, आणि ‘थंडीने मेले’ असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते. वास्तविक ते रोप बहुधा मेलेले नसते. आणि आपल्याकडे मेलेच असेल, तर थंडीपेक्षा पाण्याने मेलेले असण्याचा संभव अधिक. हे कसे, ते येथे सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

मिरची मूळची आपल्याकडची नव्हे. तिचे माहेर मेक्सिको व दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या बाजूने आपल्या देशात आली. तत्पूर्वी आपल्या स्वयंपाकातील तिखटपणा मिरी व पिंपळी यांचा होता. उष्ण प्रदेशात वाढलेल्या या झाडास ऊब प्रिय आहे. २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेत तिचे बी आठ-दहा दिवसांत उगवते. पारा १५ अंशांखाली गेला की उगवण जवळजवळ थांबते, झाडाची वाढ खुंटते व फुले गळतात. ३५ अंशांवरील उन्हाळाही फुलांना मानवत नाही. जानेवारीच्या पहाटे सुरतेचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीने मिरचीचे झाड मरत नाही. ते केवळ विसावा घेते. त्याला खरोखर मारते ते हिम.

मग रोप मरते कसे? थंड मातीत मुळांचे काम मंदावते. कुंडीत पाणी असूनही ते वर पुरेसे चढत नाही, म्हणून पाने कोमेजतात. कोमेजलेली पाने पाहून आपणांस वाटते, झाड तहानलेले आहे. आपण आणखी एक तांब्या पाणी ओततो. मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात व कुजू लागतात. आता तर झाडाला पाणी मुळीच शोषता येत नाही. ते अधिकच कोमेजते आणि आपण अधिकच पाणी घालतो! म्हणून हिवाळ्यात पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. माती ओली लागली तर झारी ठेवून द्यावी. कोरडी लागली तर सकाळी, ऊन चढल्यावर, थोडे पाणी द्यावे. सायंकाळी देऊ नये. डब्याच्या तळाला भोके असलीच पाहिजेत, आणि पोयट्याच्या चिकट मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळलेले असावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. मिरचीला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. जूनमध्ये सुरतेचा मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर येतो. त्यामुळे उत्तरेकडील गॅलरीत हिवाळाभर ऊन येत नाही, तर दक्षिणेच्या खिडकीतून ते थेट घरात शिरते. म्हणून दिवाळीनंतर कुंडी दक्षिणेकडे हलवावी व रात्री भिंतीलगत ठेवावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

ज्यांचे आप्त थंड देशांत आहेत, त्यांनी हीच गोष्ट त्यांना कळवावी. लंडनमध्ये मराठी माणसांचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. म्हणजे तेथील मराठी स्वयंपाकघरांनाही बराच काळ लोटला. डिसेंबरात तेथील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो व दिवस आठ तासांचाच असतो. तरीही तेथे मिरची होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात उबेच्या जागी बी पेरायचे, रोपे खिडकीत वाढवायची, हिमाची भीती सरली की बाहेर ठेवायची आणि शरदात पुन्हा आत घ्यायची. हंगेरीतील हिवाळा तर आपल्या कल्पनेपलीकडचा. पण तेथील सेगेड हे शहर मिरचीसाठीच प्रसिद्ध आहे. त्याच शहरात सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांनी मिरचीपासून क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळविले. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक लाभले.

बी पेरण्यास आपल्याकडे आषाढ उत्तम, कारण मग थंडीपूर्वी झाड फळाला लागते. थंडीतच पेरायचे असेल, तर मटकीला मोड आणतो त्याप्रमाणे बी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेत ठेवावे. दुकानातील बियांना पुष्कळदा औषध चोळलेले असते. त्यांसाठी खाण्याचे भांडे वापरू नये. मोड दिसताच बी अर्धा सेंटिमीटर खोल लावावे आणि रोपाला पाच-सहा पाने आली म्हणजे ते निदान २५ सेंटिमीटर खोल कुंडीत हलवावे. मिरचीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात; तथापि बंद खोलीत वारा नसल्याने पराग हलत नाहीत. अशा वेळी फुललेली फांदी सकाळी बोटाने हळूच टिचकावी.

आता त्या ‘मेलेल्या’ झाडाविषयी. कुंडी रिकामी करण्यापूर्वी खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मिरची ही एका हंगामाची पाहुणी नव्हे. जपल्यास ती काही वर्षे टिकते. माघाच्या अखेरीस फांद्या निम्म्याने छाटाव्या, वरची माती मोकळी करून मूठभर शेणखत द्यावे आणि पाणी बेतानेच घालावे. फाल्गुनात ऊन तापू लागले की जुन्या खोडावर नवे कोंब दिसू लागतात. मुळे आधीच तयार असल्याने अशा झाडाला नव्या रोपाआधी फळे येतात.

विद्यार्थिमित्रहो, यंदा पौषात घरची मिरची मलूल दिसली, तर आईच्या हातातील पाण्याचा तांब्या क्षणभर थांबवा; आधी मातीत बोट घाला, मग खोडावर नख लावून पाहा. या दोन परीक्षांना पैसा लागत नाही, आणि त्यांतून एक जिवंत झाड वाचण्यासारखे आहे.