विरार लोकल आणि आपली पोरं

वसई-विरारच्या क्रिकेटचा इतिहास लिहायचा झाला, तर पहिलं प्रकरण विरार लोकलचंच असेल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. १९३६ मध्ये बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत वीज आली. विरार ते चर्चगेट हे अंतर साधारण ६० किलोमीटर. फास्ट गाडीलाही सव्वा ते दीड तास लागतो.

मुंबई क्रिकेटचं सारं वैभव या रुळांच्या दक्षिण टोकाला आहे. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान. शाळांची हॅरिस आणि गाइल्स शिल्ड. भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. नाव काढायचं तर तिथे धावा काढाव्या लागतात. इकडे गासपासून निर्मळ-भुईगावपर्यंत वाडीवाडीत टेनिस बॉल घुमतो, पण टेनिस बॉलवरच्या षटकारांची नोंद निवड समितीच्या वहीत होत नाही.

म्हणून पोरं गाडी पकडतात. गासच्या पोराने आधी नालासोपारा गाठायचं. विरारहून सुटलेली फास्ट तिथे येते तेव्हाच दारं भरलेली असतात. पॅड, हेल्मेट, दोन बॅटी कोंबलेली किट बॅग जनरल डब्यात घेऊन चढणं म्हणजे शिव्या खाणं. मग मालडबा गाठायचा. भाज्यांची पोती आणि माशांच्या टोपल्यांच्या मध्ये बॅग उभी करायची, दोन गुडघ्यांत धरायची आणि दादर येईपर्यंत सोडायची नाही. इतकं करून मैदानावर पहिल्याच चेंडूवर बाद झालं, तरी परतीचा प्रवास तेवढाच.

विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर याच मार्गाने वांद्र्याकडे जात असे. पुढे मुक्काम सांताक्रूझला हलला. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफिल्डकडून त्याने आझाद मैदानावर ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला कसोटी पदार्पणातच त्याने १३४ धावा ठोकल्या.

पुढच्याच कसोटीत, हैदराबादला, पालघरच्या शार्दूल ठाकूरने पदार्पण केलं. दहा चेंडू टाकून दुखापतीने तो बाहेर गेला. पुढच्या कसोटीसाठी त्याला जानेवारी २०२१ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. ब्रिस्बेनला ६ बाद १८६ अशी अवस्था असताना त्याने वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडल्या. त्यात त्याच्या स्वतःच्या ६७, आणि सामन्यात सात बळी. पालघर तर विरारच्याही पुढे. रोजची ये-जा शाळकरी पोराला झेपणारी नव्हती, म्हणून प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

या दोघांचा मला अपार अभिमान आहे. पृथ्वीचा कव्हर ड्राइव्ह पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण नीट पाहिलं तर दोघांच्याही वाटेवर एक गोष्ट सारखी दिसते. घर मैदानाच्या जवळ आलं, तेव्हाच खेळ बहरला. एकाचं कुटुंब सरकलं, दुसऱ्याला गुरूने घरात घेतलं. ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, अशी किती पोरं दहावीच्या वर्षी बॅग माळ्यावर टाकून मोकळी झाली असतील! गाडीत पेंगत अभ्यास करणाऱ्या पोराला आईबाप तरी किती दिवस साथ देणार?

लोकलने आपल्याला मुंबईचं दार उघडून दिलं, तिचे उपकार आहेतच. आता मात्र वसई-विरारमध्ये चांगल्या खेळपट्ट्या, सीझन बॉलची नेट्स आणि शिल्डचे सामने हवेत. नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लावणाऱ्यांनी तो पैसा आणि ती जागा एका टर्फ विकेटसाठी द्यावी. गासच्या पोराला शाळा सुटल्यावर सायकलने नेटवर जाता आलं, तर पुढचा शार्दूल घडायला त्याला कुणाच्या घरी राहावं लागणार नाही.