रविवारी रात्री मेस बंद असते : नव्या शहरातली सोबत, गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला प्रवेशाच्या दिवशी जाडजूड माहितीपत्रक मिळतं. शहरातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात, हे त्यात नसतं. नांदेडहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलाला ते पहिल्याच रविवारी रात्री साडेआठला, उपाशीपोटी कळतं. एक वर्ष आधी आलेल्या कुणी नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं. अशा सोबतीबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : आपल्याकडची एवढी मुलं पुण्यात आहेत, ओळखी आपोआप होतात.

वस्तुस्थिती : गर्दी असली म्हणून ओळख होत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा हिशेब मांडला. जुजबी मैत्रीला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, मैत्रीला सुमारे 90 आणि जिवलग मैत्रीला 200हून अधिक. त्यातही नुसतं एकत्र काम करण्यातले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, चहा, भटकंती यांतले तास खरे. रोज दोन तास धरले तरी जिवलग मित्र मिळायला शंभर दिवस हवेत, म्हणजे जवळजवळ पहिलं सत्र संपतं. मूल एकटं पडण्याचा काळही नेमका तोच. तेवढ्या दिवसांपुरती सोबत कुणीतरी लावूनच द्यावी लागते.

गैरसमज : बाकीचे मजेत आहेत, मलाच जमत नाहीये.

वस्तुस्थिती : बाकीच्यांनाही असंच वाटत असतं. लोक दुःख चारचौघांत दाखवत नाहीत. त्यामुळे इतरांच्या वाट्याला आलेल्या त्रासाचा आपला अंदाज कमी पडतो, हे 2011मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासातून दिसलं. त्याच वर्षी ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा प्रयोग 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी मोठ्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. 'सुरुवातीला मलाही इथं परकं वाटायचं, पुढे रुळलो,' असा त्या अनुभवांचा सूर होता. तासाभराच्या या उपक्रमानंतर पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले. असं वाक्य प्राध्यापकाच्या तोंडून उपदेश वाटतं. तेच दोन वर्षांनी मोठ्या मुलानं सांगितलं तर पटतं.

गैरसमज : सोबत म्हणजे रडणाऱ्याला धीर देणं.

वस्तुस्थिती : तिचा मोठा भाग अगदी व्यवहारी असतो. कॉट बेसिसवर जागा घेताना डिपॉझिट परत कधी मिळणार हे लिहून घ्यावं. दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवावं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर शेवटच्या दिवशी भरायला बसू नये. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. तिची खबर अनेकांना कार्यालयाच्या फलकाआधी रूम पार्टनरकडूनच लागते.

गैरसमज : अशी सोबत लावून देणं ही परदेशातून आलेली फॅशन आहे.

वस्तुस्थिती : गावाकडच्या मुलाला शहरात शिकायचं तर आधी राहायला जागा आणि सोबत हवी, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. कोल्हापुरात 1901मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहायला बळ दिलं. 1924मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छताखाली आणली. ती एकत्र राहत, एकत्र जेवत. पुण्यात 1955 पासून काम करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती याच वाटेवरची.

गैरसमज : सीनियर सांगतो ते बरोबरच असतं.

वस्तुस्थिती : सीनियरचा अनुभव खरा असतो, माहिती चुकीची असू शकते. 'भाड्याचा करार अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे,' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. चांगली मेस कोणती, हे मित्राला विचारावं. नियम, शुल्क आणि तारखा मात्र कार्यालयातून तपासून घ्याव्यात.

गैरसमज : जिवलग मित्र असला की समुपदेशक लागत नाही.

वस्तुस्थिती : मित्रानं ऐकावं, उपचार करू नयेत. झोप उडालीय, जेवण तुटलंय, खोलीबाहेर पडणं बंद झालंय किंवा बोलण्यात जीव देण्याची भाषा येतेय, असं दिसलं तर ते 'कुणाला सांगू नको' म्हणून पोटात ठेवायचं नसतं. त्याला एकटं सोडू नये, आणि घरच्यांना किंवा शिक्षकांना कळवावं. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. फोन लावताना शेजारी बसणं, हेही मित्राचंच काम.

गैरसमज : थोडीफार रॅगिंग झाली की ओळखी लवकर होतात.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात 1999च्या कायद्यानं रॅगिंग हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. तक्रारीसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009चे रॅगिंगविरोधी नियम सगळ्यांना ठाऊक असतात ते शिक्षेपुरते. पण त्याच नियमांत मार्गदर्शन कक्षाचीही तरतूद आहे. स्वतःहून पुढे आलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांचा हा कक्ष नव्या मुलांसाठी असावा आणि दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक असावा, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे सोबत हा कुणाचा उपकार नाही, ती संस्थेच्या जबाबदारीचा भाग आहे. प्रवेशाच्या खिडकीशी शुल्काची पावती घेताना पालकांनी आणि मुलांनी एवढं जरूर विचारावं : आमच्या सहा जणांचा मार्गदर्शक कोण?