पारो आणि फ्रान्सिस

अजिंठा गावातली पारोची कबर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ साली रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी इकडे आला. लग्नाची बायको फ्रान्सिस असताना त्याचा जीव इथल्या पारोवर जडला. २३ मे १८५६ रोजी पारो वारली. तिच्या कबरीवर गिलने ‘लाडकी पारो’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरून घेतला. आमच्या सौ. म्हणतात, ‘लाडकी’ म्हणवून घेण्याचा पहिला हक्क फ्रान्सिसचा! पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांनी मात्र ‘अजिंठा’ काव्यात पारोलाच जवळ केले. गिलची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे.