नर्सी नामदेव : कयाधूकाठचं गाव

हिंगोली तालुक्यातलं हे गाव पूर्वी नर्सी बामणी म्हणून ओळखलं जाई. वाशीमकडून येणारी कयाधू इथून पुढे पैनगंगेकडे जाते. 1270 मध्ये संत नामदेवांचा जन्म इथेच झाला, ही परंपरा. काही अभ्यासक मात्र पंढरपूरचं नाव घेतात. तो वाद अभ्यासकांनीच मिटवावा, गर्दी काही थांबत नाही. आषाढी आटोपून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, इथे लोटतात. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यामुळे शीख भाविकही येतात. 1948 पर्यंत निजामाचा, 1999 पर्यंत परभणीचा आणि आता हिंगोली जिल्ह्याचा, असा या गावाचा सरकारी प्रवास. जवळचं रेल्वेस्थानक हिंगोली.